अक्षर पंचाण्णव

सेलूच्या वाचनालयात नवा संगणक आला,
म्हणजे परतूरचा जुनाच.
तिथली शाखा बंद पडली तेव्हा
सतरंजीत गुंडाळून टेम्पोतून आणलेला.

मी त्यावर उबुंटू टाकलं, नाव ठेवलं:
सेलू, खाली एक आडवी रेघ, ग्रंथालय.
इंग्रजी अक्षरांत. बारसं म्हणावं तर दोन मिनिटांचं.

मग टपालाचं पॅकेज बसेना.
थकलेल्या पुस्तकांची आठवण
सभासदांना मेलनं जावी, एवढीच माझी हौस.
सगळं उतरायचं, सगळं उलगडायचं
आणि शेवटच्या पायरीवर दर वेळी
फतकल मारून बसायचं.

दोष मी नेटला दिला. मिरर बदलला.
दुपारी लाइट गेली, मग तिला दिला.
काढलं, पुसलं, पुन्हा टाकलं.
पोरगं गणित खोडतं
आणि तेच उत्तर परत लिहितं, तसं.

मुक्तारभाई, झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेले,
वर्तमानपत्रांच्या फायली शिवत बसले होते.
दाभण दातात धरून म्हणाले,
"ते काय मनायलंय, वाच की मोठ्यानं."

वाचलं.
नावात अवैध अक्षर, पंचाण्णव.
आणि त्याच्या वर, सकाळपासून नुसतंच सरकवलेलं:
या नावाचा होस्ट सापडत नाही.
यंत्र स्वतःलाच हाक मारत होतं
आणि आतून कुणी ओ देत नव्हतं.

पंचाण्णव म्हणजे ती खालची रेघ.
दोन शब्दांना धरून ठेवायला मीच घातलेली.
आणि होस्टांच्या यादीत अजून परतूरच,
फेरफार न झालेल्या सातबाऱ्यावर
मागचा मालक राहतो तसं.

भाई हसले. त्यांची पेन्शनची फाइल
तीनदा परत आलीय.
शाळेच्या दाखल्यावर मुख्तार, आधारवर मुक्त्यार,
बँकेत नुसतं एस. मुक्तार.
"माझी रेघ कुठंय, बघ की जरा."
तिथं माझा पासवर्ड चालत नाही, भाई.

रेघ उचलून मधे ठेवली. तिथं चालते.
दोन्ही फायलींत एकच नाव.
अर्धवट राहिलेलं पुढं चालू कर म्हटलं.
चार सेकंद. बसलं.

पहिली मेल त्यानं स्वतःलाच पाठवली.
मी उघडली नाही.
भाईंनी पिशवीतून चौथा अर्ज काढला,
टेबलावर हातानं सपाट केला.
मी पेनाचं टोपण काढलं
आणि विचारलं, कोणतं लिहू?