एक जीबी, पहाटेपर्यंत

पन्नास शिलिंगांत एक जीबी,
बाराला जन्मतो, सहाला मरतो.
रात्री किसुमूच्या सरोवरावर कंदील पेटतात,
उजेडाला भुलून ओमेनाचे थवे वर येतात
आणि जाळ्यात जातात.
मी, अपोंदी, पैसे पाठवायच्या टपरीत, शटर ओढून,
दुसऱ्या एका उजेडाकडे तोंड करून बसते.

पहिला महिना मीही ओमेनाच होते.
एक जण म्हणायचा, दहा तासांत सगळं.
सगळं म्हणजे काय, ते सांगेना.
मागे जांभळा दिवा, हातात कॉफीचा मग,
स्वतःची ओळख करून देण्यात
माझा पाव जीबी खाल्ला.
दुसरा हुशार होता. खरंच हुशार.
तो टाइप करायचा आणि मी बघायचे,
लहानपणी मामाला जाळं विणताना बघायचे तशी:
बोटं दिसायची, गाठ दिसायची नाही.
तिसरा पहिल्याच वाक्यात म्हणाला,
"हे तर तुम्हाला माहीतच असेल."
नव्हतं.

ओचोला, माझा भाऊ, म्हणतो,
ज्याला लाखो लोक बघतात तो चांगलाच असणार.
मी विचारलं, दुंगाच्या किनाऱ्यावर
सगळ्यात जास्त गर्दी कुठल्या होडीभोवती असते?
जी शिळं स्वस्तात विकते.
तो हसला नाही.
तो त्याच होडीवर कामाला आहे.

मग ती बाई सापडली.
कुठल्याशा थंड गावातली, अंगात दोन स्वेटर,
मागच्या भिंतीला पोपडे.
बघणारे तीनशे बारा. मी तीनशे तेरावी.
मध्येच कुणी दार वाजवतं, ती "थांबा" म्हणते,
आणि ते कापत नाही.
चौदाव्या मिनिटाला तिचं पान पांढरं पडलं.
ती गप्प.
मीही गप्प. डेटा जात होता, जाऊ दे.
तिनं वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं,
ओठांत काही पुटपुटली,
तिच्या भाषेतली शिवी असावी.
अकरा मिनिटं.
शेवटी काय, तर एक कंस उघडा राहिला होता,
घाईत निघताना कडी घालायची राहावी तसा.
"बघा," म्हणाली, "माझं रोज असं होतं."

मी टपरीची हिशेबाची वही ओढली.
डावीकडे लोकांचे पैसे,
उजवीकडे माझे कंस.

उथळ पाण्याला खळखळाट फार, म्हणतात.
म्हणोत. मी पाण्याकाठी वाढले;
वादळात खोल पाणीही ओरडतं,
आणि डबकं तर कायमच गप्प.
आवाजावरून मी नाही ठरवत आता.
व्हिडिओ थांबवायचा, फोन पालथा घालायचा,
आठवेल तेवढं आपल्या हातानं लिहायचं.
हात चालला तर शिकले.
नाही चालला, तर मी नुसतं नाटक बघत होते,
तेही तिकीट काढून.

तिचा शेवटचा व्हिडिओ तीन वर्षांपूर्वीचा.
"पुढच्या आठवड्यात फॉर्म बघू," म्हणून गेली
ती गेलीच.

तेव्हा फॉर्म माझा मीच करायला घेतला,
ओकेयोच्या आईसाठी, ती मासळी विकते.
दोनच रकाने: किती टोपल्या, कुठल्या किनाऱ्यावर.
आज चौथी रात्र.
बटण दाबलं की काहीच होत नाही.
वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं,
ओठांत पुटपुटले, अस्सल लुओ शिवी,
आईनं ऐकली असती तर जेवायला दिलं नसतं.

पावणेसहा. सरोवरावरचे कंदील
एकेक करत विझत किनाऱ्याकडे येताहेत.
उरलेत नव्वद एमबी, ते असेच मरणार,
मी काही बघतच नाहीये.

कुणीतरी शटर वाजवलं.
पडद्यावरून नजर न काढता
मी म्हटलं, "थांबा."