दीड सूत

टब शुक्रवार पेठेतून टेम्पोने धनकवडीला आला.
तीन मजले, लिफ्ट नाही.
जिन्याच्या वळणावर उभा, मग आडवा, मग पालथा,
चौघांच्या डोक्यावर.
दुसऱ्या मजल्यावर परचुरेबाईंनी दार किलकिलं केलं:
गळणार तर नाही ना हो?

सुग्रीव म्हणाला, ताई, फरशीच वाकडी हाय.
उतार दिलाय दाराकडं
आणि मोरी खिडकीखाली.
बावीस वर्षं आम्ही खराट्याने पाणी उलटं ढकलत होतो.
आम्हाला वाटायचं, आमच्याकडच्या पाण्याचा स्वभावच तसा.

बाबा दाराशी, प्लास्टिकच्या खुर्चीत.
डावा हात मांडीवर, ठेवला तिथेच.
पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं
तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून
माळावरून पाणी नेलेला माणूस.
कोसभर कालव्याला हातभर उतार.
जास्त दिला तर पाणी माती खातं,
कमी दिला तर गाळ बसतो.
झटक्यानंतर त्यांचं बोलणं डावीकडे सांडतं.
डॉक्टर म्हणाले, कोमट पाण्यात बसवा रोज.
म्हणून हे सगळं.

सुग्रीवने कडेवर पाणसळ ठेवली.
बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये येईना.
मागचा पाय अर्धा आटा वर.
नको, पाव आटा खाली.
अर्शद टबाखाली पोटावर झोपून पाना फिरवतोय,
त्याचे नुसते तळवे दिसतात, सिमेंटचे.
लांबीत जमलं की रुंदीत बिघडतं,
रुंदीत जमलं की सुग्रीव म्हणतो, च्या मायला,
आणि माझ्याकडे बघून, सॉरी.

साडेबाराला बुडबुडा मधोमध.
झालं, म्हणाला.
बाबांनी उजवा हात हलवला. नाही.
अवो काका, बघा की, लेव्हलला हाय.
बाबांचे ओठ बराच वेळ जुळवाजुळव करत राहिले.
मग म्हणाले, उलटी.
मी तसराळं आणायला धावले.

परत आले तोवर
सुग्रीवने पाणसळीची टोकं बदलली होती.
तीच कड, तीच जागा,
आणि बुडबुडा एका रेघेला जाऊन टेकलेला.
मी हातात तसराळं घेऊन उभी.
टब नव्हे, फरशी नव्हे,
मोजणारीच दीड सूत खोटी.

सासऱ्यानं दिलेली हाय, सुग्रीव म्हणाला.
हिच्यावर मी सात बिल्डिंगी केल्या.
तो टबाच्या काठाला धरून उकिडवा बसला
आणि मला वारज्यापासून आंबेगावापर्यंत
कुणाकुणाचे ओटे, कुणाच्या मोऱ्या
जरा जरा कलताना दिसल्या.
तिथेही बायका खराट्याने पाणी ढकलत असतील,
स्वतःलाच बोल लावत.

बाबांनी बोटांच्या चिमटीने दाखवलं,
इकडून एवढं, तिकडून एवढं.
दोन्हीकडून चूक सारखी आली
की समजायचं, सपाट.
अर्शद पुन्हा खाली गेला.

गुरुवार. नळ कोरडे.
पिंपातल्या दोन बादल्या ओतल्या,
बूच काढलं.
पाणी घाई न करता जाळीकडे गेलं, सगळं.
बाबांनी मान अशी हलवली
जशी साहेब लोक कागदावर सही करतात.
चहा मात्र ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून बनियनवर आला.
मी पुसायला गेले, तर हात आडवा.

सिलिकॉन सुकायला चोवीस तास.
हत्यारं आवरताना सुग्रीव पाणसळीपाशी थांबला.
माझ्याकडून मार्कर मागून घेतला,
तिच्या एका टोकावर बारीकसा बाण काढला,
फुंकर मारून वाळवला
आणि ती पिशवीत ठेवली, सगळ्यांत वर.