भेटीचं कारण

उपासकाळाचा पाचवा शुक्रवार, दुपारचे चार.
आम्ही अकरा जण,
त्यात चार पेन्शनर, एक गुडघ्याला पट्टा बांधलेली,
आणि पास्कू सुताराने फणसाच्या फळीतून केलेला क्रूस.
दर वर्षी तो थोडा जड होतो,
म्हणजे आम्ही थकतो.

देवळापासून खाडीपर्यंत तीन किलोमीटर.
‘एवढ्याला तीर्थयात्रा म्हणायचं?’ रेमीने विचारलं.
नातालीन मावशी म्हणाली,
‘परत येताना पायांना विचार.’

पहिलं स्थान पेट्रोल पंपाशी. पिलात हात धुतो.
दुसरं, सागवानी दारांच्या शोरूमसमोर.
तिसऱ्याला, जिथे तो पहिल्यांदा पडतो,
डंपरने एवढी धूळ उडवली
की ‘हे ख्रिस्ता’ म्हणून सगळे खोकत बसलो.
चौथं, जिथे आई भेटते, ब्रिजितने वाचलं.
घोडबंदर रोडच्या याच वळणावर तिचा मुलगा
पावसाने भरलेल्या खड्ड्यात बाइकसकट गेला होता.
तिने एकही शब्द गाळला नाही.

आमचा खुरूस आता गेटच्या आत आहे.
प्लेगच्या साली पणज्याने भाताच्या बांधावर बसवलेला,
मग रंगाच्या कारखान्याच्या आवारात,
आता बत्तीस मजल्यांच्या ‘ऑगस्टा इम्पिरियल’मध्ये,
पाहुण्यांच्या पार्किंगमागे कुठेतरी.

गेटवर वही.
नाव. फ्लॅट नंबर. भेटीचं कारण.
आमच्या वर दूध, कुरिअर, प्लंबर, दूध.

नाव लिहिताना माझा हात अडतो.
पोर्तुगीज आले, कुणा पूर्वजाच्या डोक्यावर पाणी ओतलं,
आडनाव दिलं,
आणि बहुधा त्याच दौतीत टाक बुडवून भाताचा सारा मांडला.
मग पेशव्यांची फौज. पाद्री तारवात बसून गेले.
म्हणतात, बायकांनी प्रार्थना जपल्या,
तांदूळ निवडता निवडता, मराठीतच.
मग इंग्रज, आणि नोकरीसाठी
आम्ही त्यांच्या कंपनीचं नाव जातीला लावून घेतलं.
कंपनी गेली. नाव धुतलं तरी जात नाही.

कैसराचं कैसराला द्यावं, ठीक.
पण ज्या पाण्याने तू मला मिळालास
ते कैसराच्याच घागरीतून आलं,
ते कुणाला परत करू?
हे मी मावशीला एकदा विचारलं होतं.
ती बोंबील साफ करत होती.
‘घागर त्याची असंल,’ म्हणाली, ‘विहीर आपली होती.’
माझं समाधान झालं नाही. अजून नाही.

गार्डच्या छातीवर पट्टी: केरकेट्टा.
परमिशनशिवाय आत नाही, तो खाली बघत म्हणाला.
तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला:
साहेबांची गाडी येतेय, वो लकडी हटाओ पहले.

त्याने क्रूस उचलला.
सामान उचलतात तसा बगलेत नाही;
आडवी फळी पाठीमागे, उभी छातीवरून,
जसा कुणी लहानपणापासून उचलत आला असेल.
रस्ता ओलांडून पलीकडच्या भेंडीच्या झाडापर्यंत
पस्तीसएक पावलं.
आम्ही नकळत मागे चालू लागलो.
पांढरी गाडी आत गेली.

मावशीने पुस्तिका उघडली.
‘पाचवं स्थान,’ ती म्हणाली, आणि थांबली.
तोही थांबला.
गुडघे टेकले नाहीत, ड्युटीवर होता.
टोपी काढली, घाम पुसला,
पुन्हा घातली.

उरलेली नऊ आम्ही कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून म्हटली.
भिंतीवर काचा होत्या, त्यांवर ऊन.

पेन विसरलं म्हणून मी एकटा परत गेलो.
केरकेट्टा बॅरिअर वर-खाली करत होता, बोलला नाही.
वहीत माझ्या अर्धवट नावाखाली
त्याच्या अक्षरात हिंदीत: ‘और दस लोग’.
फ्लॅट नंबरच्या जागी बेरजेसारखी एक खूण.
भेटीचं कारण, कोरं.
आत: पाच दहा.
बाहेर पडल्याची वेळ
त्याने लिहिली नव्हती.