लाकडाच्या दोन बोटं अलीकडे

मेच्या दुसऱ्या आठवड्यात
लव्हेंडरची कणसं राखट झाली.
बोटांत चुरली तर वास अजून येतो,
पण मधमाशी येईनाशी झाली.
सोहारच्या या चौथ्या मजल्यावर
मुळात ती यायची कुठून,
हा प्रश्न मी तीन वर्षं बाजूला ठेवलाय.

कुंड्या माझ्या नव्हेत.
खालच्या उम्म हैथम यांच्या.
त्या निझव्याला लेकाकडे राहायला गेल्या
तेव्हा जिन्यातच तिन्ही माझ्या हवाली केल्या,
आणि इथल्या त्या मोडक्या बोलीत,
जिच्यात आम्ही सगळेच एकमेकांना पुरतो,
म्हणाल्या: मोय शुवै. पाणी थोडं.
मग सुकल्या कणसावर टिचकी मारून,
फूल खलास. झाड मा खलास.

मी बंदरात क्रेन चालवतो.
तीस टनांचा कंटेनर
ट्रेलरच्या चार खुंट्यांवर
बशीत कप ठेवावा तसा ठेवतो.
पण पहिल्या वर्षी कात्री हातात घेतली
आणि अंदाज चुकला.

नियम सोपा होता.
त्यांनी नंतर फोनवर सांगितला,
दोन बोटं कॅमेऱ्यासमोर आडवी धरून.
मूठभर दांडे धरायचे, नाचणी कापताना धरतात तसे,
करड्या पानांपर्यंत खाली यायचं,
आणि खोड जिथे तपकिरी, सालपटलेलं होतं
त्याच्या दोन बोटं अलीकडे थांबायचं.
हिरव्यात कापलं तर फुटतं.
लाकडात कापलं तर
झाड मरतंच असं नाही,
फक्त त्या बाजूने पुन्हा काही बोलत नाही.

मी लाकडात कापलं होतं.
मधल्या कुंडीची डावी बाजू.
नीटनेटकं दिसावं म्हणून.
गावी कुंपणाची मेंदी आम्ही बुडापर्यंत छाटतो,
जूनमध्ये ती दुप्पट होऊन येते.
इथला जून वेगळा.
समुद्रावरून जड, ओली हवा येते,
दार उघडताच चष्मा आंधळा होतो.

मग चुकीची भरपाई म्हणून पाणी घातलं.
एसीच्या नळीखालची बादली,
सकाळी एकदा, ड्यूटीवरून आल्यावर एकदा.
दाराजवळची कुंडी त्या मायेनेच गेली.
खाली काळी पडली, आणि धरली तर
शिजल्या अळवाच्या देठासारखी हातात आली.

आता शहाणा झालोय, म्हणजे कमी करतो.
कोरड्या नदीतले पांढरे खडे
खोडाभोवती पसरतो, गळा सुका राहावा म्हणून.
दुपारी दोरीवर जुनी चादर.
मातीत बोट दोन पेरं घालून पाहतो,
ओल लागली तर बादली तशीच नेऊन
मोरी धुतो.
खत नाही. लाड नाही.
चार महिने ते वाढणार नाही, वाढूही नये.
नुसतं तग धरून राहणार.
त्याच्याजवळ बसण्याला काम म्हणायचं का,
मला ठाऊक नाही.

कापलेली कणसं वर्तमानपत्रावर वाळवली.
वैजूला फोनवर दाखवली तर म्हणाली,
दवण्यासारखंच दिसतंय की. वास कसा आहे?
मी बराच वेळ सांगत राहिलो
आणि शेवटी म्हणालो, दवण्यासारखा नाही.
धुतलेल्या मोज्यात भरून, गाठ मारून
बॅगेत ठेवलीत तिच्यासाठी.
जुलैची रजा पुढे गेली.
बॅग पलंगाखालीच आहे,
अधूनमधून उगाच उघडतो.

मधल्या कुंडीची ती बाजू
भिंतीकडे तोंड करून असते.
आज फिरवली, नखाने साल खरवडली.
आत तपकिरी. गेल्या वर्षीही तपकिरीच होतं.
पुन्हा भिंतीकडे केली.

मग कात्री पुसली आणि उजवीकडे
दोन बोटं मोजली.
उम्म हैथम यांची बोटं बारीक,
माझी दोन म्हणजे त्यांची तीन भरतील.
असू दे.