परवाना

तातूमामाची बंदूक एका नळीची.
परवान्यावर लिहिलेलं: शेतीसंरक्षणासाठी.
शेती म्हणजे खाजणातले सात गुंठे,
आणि संरक्षण कोणापासून, तर घुशीपासून.

मी बॅटरी धरायचो.
मेरेवर ताज्या मातीचा ढीग दिसला की
मामा खूण करायचा, विझव.
मग काळोख, चिखलाचा वास,
कुर्ल्यांची खसखस,
आणि मामाचा दमा, जो काही केल्या गप्प बसत नसे.
"आता लाव."
दोन डोळे. छर्रे. कानात बराच वेळ शिट्टी.

एकदा बीळ बुजवता बुजवता
मामा थांबला.
आत कापून नेलेल्या लोंब्या, रचून ठेवलेल्या,
आमच्या कणगीतही नसतील इतक्या नीट.
"संसार करी होती," म्हणाला,
आणि लोंब्या झोळीत भरल्या. सगळ्या.

निवडणूक लागली तशी
बंदूक आचऱ्याच्या ठाण्यात जमा.
पावती मिळाली, शिक्क्यासकट.
"घुशीक काय ठाऊक आचारसंहिता?"
मामाने हवालदाराला विचारलं.
हवालदाराने बोट ठेवलं, सही इथे.

पुनवेच्या उधाणाला
बिळातून आधी बोटाएवढं पाणी आलं असणार.
उजाडलं तेव्हा
सात गुंठ्यांत खाडी होती,
आणि तिच्यात काळुंद्रांची पिल्लं, खुशाल.

मामा फुटक्या मेरेवर उभा.
खांद्यावर काही नाही,
तरी उजवा खांदा जरा मागे घेतलेला,
धक्का सोसायला.