काखेतली शिवण

कोट आधी काखेत फाटतो.
कॉलर मळते, खिशाचं तोंड सैल पडतं, पण ते मागाहून.
आधी काख.
शिकागोत, व्हॅन ब्युरेन रस्त्यावरच्या एका तळघरात
ब्रोन्या पिएत्शाकनं मशीनवर बसून
सव्वीस वर्षं हेच पाहिलं.

पलीकडच्या इमारतीत एक खड्डा होता, पायऱ्यापायऱ्यांचा,
आखाड्यासारखा; मातीच्या जागी चिठ्ठ्यांचा कचरा.
त्यात चारशे माणसं हात उंचावून ओरडत.
तळवा स्वतःकडे : घेतो.
तळवा समोरच्याकडे : विकतो.
बोट हनुवटीला लावलं तर एक, कपाळाला लावलं तर दहा.
एवढ्या खुणांवर पाचशे कंपन्यांचा मिळून एक आकडा हलायचा,
आणि त्या कंपन्यांचं दार
खड्ड्यातल्या कुणी कधी ठोठावलेलं नसायचं.

फर्गस टियर्नीचा कोट पिवळाजर्द, पाठीला जाळी.
खिशात खोकल्याच्या गोळ्या, पेन्सिलींचे तुकडे,
एकदा मुलीचा पडलेला दात, कागदात गुंडाळलेला.
शिवण होईपर्यंत तो शर्टातच स्टुलावर बसायचा.
"जे माझ्याकडे नाही तेही मी विकतो," म्हणायचा,
"संध्याकाळी हिशेब. रात्रभर उधारी नाही.
एखादा म्हणतो घेतलं, दुसरा म्हणतो मी दिलंच नाही,
मग सकाळी घंटेआधी तोटा वाटून घ्यायचा. शब्द म्हणजे शब्द."

तिनं एकदा विचारलं,
भाव पडतो तेव्हा पैसे जातात कुठे?
तो बराच वेळ बघत राहिला, टांगलेल्या कोटांकडे.
"समज यातला एक तू आत्ता चार डॉलरला दिलास.
लगेच सगळे चारचे.
काल शेवटचा नऊला गेला होता, तेव्हा सगळे नऊचे होते.
पाच कुठे गेले?
कुठेच नाही, ब्रोन्या. शेवटच्या दोघांचं
तेवढ्यापुरतं एकमत होतं."
तिनं दोरा दातानं तोडला. पटलं नाही.
नऊला घेणाऱ्यानं नऊ मोजले होते की.

मग तो सोमवार. पंधरा तारीख.
कोट सकाळीच टाकून गेला, उजवी काख पार उसवलेली,
दुसऱ्याचा उसना कोट घालून खड्ड्यात उतरला.
दुपारी रस्त्यावरून माणसं चालली होती
एकमेकांशी न बोलता.
भाव कोसळत होता आणि त्याला विकणं भाग होतं,
ज्या भावात मिळेल त्या भावात,
कारण ठेव संपली होती आणि वरून फोन आला होता.
त्यानं हात उंचावले, तळवे बाहेर.
संध्याकाळी त्यानं काखा वर केल्या.

पावती क्रमांक दोनशे बारा. कोट न्यायला कुणी आलं नाही.

खड्डा बंद पडला, आकडे पडद्यांवर गेले,
पडद्यांना काख नसते.
निवृत्त झाल्यावर ब्रोन्याला फंडाचा कागद आला,
भाच्यानं सोबत बसून वाचून दाखवला :
दर महिन्याच्या पंधरा तारखेला, मालकानं पगारातून कापलेले
चाळीस डॉलर, त्याच पाचशे कंपन्यांत.
भाव बघायचा नाही, विचारायचं नाही, फक्त घ्यायचं.
आता त्याचं बरंच झालं होतं.
"आणि ही बघ," भाचा बोट ठेवून म्हणाला,
"सगळ्यात स्वस्त खरेदी. त्या सोमवारची. नशीब काढलंस मावशी!"

ती काही बोलली नाही.
प्रत्येक विकणाऱ्यासमोर
कुणीतरी घेणारा असावाच लागतो, हे तिला ठाऊक होतं.
त्या दिवशी एवढ्या गर्दीत
तळवा आत वळवलेला एक हात
तिचाही होता, चाळीस डॉलरचा,
इथे खाली बसून काखेला चौकोनी ठिगळ लावत असताना.

पिवळा कोट तिच्या कपाटात आहे.
शिवण पक्की, दुहेरी दोऱ्याची.
बाहीला टाचणीनं लावलेली चिठ्ठी :
तयार. दोन डॉलर पंच्याहत्तर बाकी.