सात मिनिटं

इलिजाला ट्राम वळते तिथे सात मिनिटं मिळतात.
वेळापत्रकात त्यांना नाव नाही.
मीही कधी दिलं नव्हतं, नुसती ओढायचो ती,
टोकापासून फिल्टरपर्यंत,
थोटूक रुळाच्या खाचेत टाकायचो
आणि घंटा वाजवायचो.

सोडली त्याला अकरा वर्षं झाली.
सोडली, असं मी म्हणतो.
सुटली, असं राझिया म्हणते.
यावर आमचं अजून एकमत नाही.
सोडणारा मी होतो, हे खरं,
पण सुटायचं काम तिचं होतं, सिगारेटचं,
आणि तिला काही घाई नव्हती.

पहिल्या महिन्यात सातच्या सात मिनिटं
हातात तशीच उरायची,
दुसऱ्याच्या तान्ह्या मुलासारखी,
धरावीत कुठे, ठेवावीत कुठे.
भोपळ्याच्या बिया सोलल्या.
ट्रामच्या काचा पुसल्या,
ज्या पुसायचा पगार दुसराच माणूस घेतो.
एका प्रवाशावर उगाच खेकसलो.
तो बहिरा निघाला,
त्यानं हसून टोपी उचलली.

पुढच्या वर्षी हिल्मो गेला.
कबरीवर माती पडली आणि सगळ्यांनी पाकिटं काढली.
एक माझ्यापुढेही आलं, सवयीनं, मायेनं.
आमच्या गावात सिगारेटला नाही म्हणणं म्हणजे
उंबऱ्यावरच्या पाहुण्याला परत पाठवणं.
मी घेतली. कानामागे ठेवली.
घरापर्यंत ती तिथेच होती,
अत्तराच्या फायासारखी.
मग राझियानं काढली, काही न बोलता,
आणि बाल्कनीत जाऊन स्वतःच ओढली.
(हो, ती ओढते अजून. तिला कुणी काही विचारू नका.)
धूर आत येईल म्हणून मी दार लावायला गेलो
आणि लावलं नाही.

गेल्या आठवड्यात तळघर आवरताना
हत्यारांच्या पेटीत एक पाकीट सापडलं,
वेढ्याच्या दिवसांतलं.
ट्राम बंद होत्या, पगार सिगारेटींत मिळायचा.
पाकिटांचा कागद संपला म्हणून
कारखाना पुस्तकांची पानं कापायचा
आणि त्यांत त्या गुंडाळून द्यायचा.
त्या देऊन कधी अंडी मिळायची, कधी मेणबत्ती.
अंडी आणली की मुलगी जेवायची.
नाही आणली, तर मी ओढलेली असायची.
हा हिशेब मी कुणाला दाखवलेला नाही.

पाकीट उलगडलं. तंबाखूचा नुसता भुगा.
वास नव्हता. कागद गुडघ्यावर सपाट केला,
चष्मा लावला. भूमितीचं पान :
त्रिकोणाच्या दोन बाजू दिल्या असता तिसरी
आणि पुढे कात्री.

रात्री माल्मोला फोन लावला.
मुलगी म्हणाली, इतक्या उशिरा? बरा आहेस ना?
म्हटलं, दोन बाजू असल्या तर तिसरी कशी काढतात?
ती जरा थांबली.
मधला कोन माहीत आहे का?
नाही म्हटलं.
मग नाही काढता येत, बाबा.
भांडी विसळल्याचा आवाज येत राहिला.
खोकला कसा आहे, तिनं विचारलं.
म्हटलं, गेला. केव्हाच गेला.
अंड्यांचं सांगायचं होतं. ते राहिलं.

स्वप्नात अजून ओढतो.
जागा होऊन बोटं हुंगतो, साबणाची असतात,
तरी चोरी केल्यासारखं सकाळपर्यंत पडून राहतो.

आज वळणावर तो नवा पोरगा आला, एल्दिन,
मागची ट्राम चालवतो.
काका, काडी आहे?
माझ्या आधी माझा हात खिशाकडे गेला.
अकरा वर्षं झाली, पण त्याला कुणी कळवलेलंच नाही.
खिशात बिया होत्या. मूठभर दिल्या त्याला.
त्यानं आधी बियांकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि एकेक सोलायला लागला,
सिगारेट तशीच ओठांत, न पेटलेली.
काही बोललो नाही. बोलण्यासारखं काय होतं.
टरफलं वाऱ्यानं रुळावर गेली.

घंटा वाजवायला आज उशीर झाला.
आठ मिनिटं.